जुनं गोवं: हाताशी एकच सकाळ, कोणती चर्चेस पाहू?

सह्यभटक्या: आई-बाबांना घेऊन डिसेंबरात जातोय. बाँ जेझूस पाहणारच. बांधकामासाठी आणखी काय चुकवू नये? बाबांचे गुडघे दुखतात.

मांडवीकाठ: आधी बाँ जेझूसच्या दर्शनी भिंतीसमोर निवांत उभे राहा. १६०५ साली पूर्ण झालेली ही वास्तू. लाल जांभा मुळात गिलाव्याखाली होता, विसाव्या शतकात गिलावा उतरवला. तेव्हापासून जांभा थेट पाऊस खातोय, मला ते बघवत नाही. नक्षीचा काळा दगड मात्र वसईचा, म्हणजे आपला बेसाल्ट! रस्ता ओलांडलात की से कॅथेड्रल. तिचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो परत उभारलाच नाही. शेजारीच संत फ्रान्सिस आसिसीचं चर्च. तिथे दारातच थांबा. बाकी इमारत १६६१ची, पण ही काळ्या दगडाची कमान आधीच्या चर्चची, मॅन्युएल शैलीतली, म्हणजे पोर्तुगालचा राजा पहिला मॅन्युएल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नक्षीदार शैलीतली. आत फरशीभर कुलचिन्हं कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. सगळं सपाटीवर, बाबांना जमेल.

वसईची_पोर: संत काएतान विसरू नका, तिथे गर्दी कमी असते. रोमच्या सेंट पीटरवरून बेतलेलं. घुमटाखाली उभं राहून वर पाहा. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तो वार टाळा. खांदे झाकणारे कपडे घाला.

सह्यभटक्या: आभार! ऑगस्टीनचा मनोरा गाडीतून दिसेल का?

मांडवीकाठ: हो, पण खाली उतराच. संत ऑगस्टीनच्या चर्चचं छत १८४२ मध्ये पडलं, तरी उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच आहे. बाबांना पायथ्याशी बसवा, तिथूनही छान दिसतो.