लिव्हरमध्ये पू झालेल्या मधुमेह्याचे डोळे तक्रार नसतानाही तपासावेत का?

रातकिडा: मावशीला थंडी वाजून ताप. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गळू निघालं, कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात) क्लेबसिएला नावाचे जंतू. शुगर जुनीच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चष्मा पुसून दे गं, धुरकट दिसतंय." चष्मा स्वच्छ होता. ड्यूटीवरचे म्हणाले, शुगर वरखाली होतेय, म्हणून असेल. संध्याकाळी डोळा लालभडक, बुबुळाच्या तळाशी पांढरी रेघ. पू होता तो. जंतू रक्तातून डोळ्यात उतरले होते. डोळ्यात अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली, तरी आता त्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. मधुमेह आणि असं गळू एकत्र दिसलं की पहिल्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवा, असं माझं ठाम मत.

गवतीचहा: वाईट वाटलं वाचून. पण सरसकट नको. प्रत्येक गळू क्लेबसिएलाचं नसतं, अमिबाचं प्रकरण तर वेगळंच. त्यातही डोळा जाणारे थोडे. शिवाय सोमवारी डोळ्याचा आतला पडदा स्वच्छ दिसला आणि बुधवारी जंतू पोचले तर? उलट घरचे निर्धास्त होतात. त्यापेक्षा नर्सने रोज एकेक डोळा झाकून विचारावं, नीट दिसतंय का.

रातकिडा: आणि पेशंट ग्लानीत असेल तर? विचारणार कोणाला?

गवतीचहा: तिथे तपासाच, मान्य. शुद्धीतल्यांबद्दल मी हटणार नाही.

जुनाखोडरबर: दोघंही वॉर्डातच अडकलात. तैवानमधल्या डॉक्टरांनी 1986 मध्येच असे रुग्ण नोंदवले होते. काहींचा डोळा आधी बिघडतो, गळू नंतर सापडतं. पोट दुखेलच असं नाही. लाल डोळा घेऊन माणूस जातो, स्टिरॉइडचे थेंब घेऊन परततो. मधुमेह, ताप आणि एक-दोन दिवसांत गेलेली नजर असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनीच सोनोग्राफी सांगायला हवी. आणि लॅबवाल्यांनाही विचारा: क्लेबसिएलाच्या जहाल जातीची वसाहत, म्हणजे कल्चरच्या थाळीवर वाढलेला जंतूंचा ठिपका, उचलली की पाकासारखी तार निघते, 5 मिलिमीटरहून लांब. ते कळलं तर मी तक्रारीची वाट बघणार नाही.

गवतीचहा: तार निघाली तर माझीही हरकत नाही. पण कल्चर यायला दोन दिवस लागतात.

रातकिडा: मावशीचा डोळा त्याच दोन दिवसांत गेला.