जिममध्ये विकल्या जाणाऱ्या कार्निटीनला आवर घालावा का?

धागाकर्ता, धाराशिव

आमच्याकडच्या बहुतेक जिममध्ये प्रोटीन पावडरच्या डब्यांशेजारी आता एल-कार्निटीनच्या, म्हणजे चरबीपासून ऊर्जा मिळवायला पेशींना लागणाऱ्या एका पदार्थाच्या, बाटल्या मांडलेल्या दिसतात. लिंबाच्या चवीचे ते औषधासारखे पाणी झाकणाने मोजून व्यायामाआधी घ्यायचे, त्याने चरबी जळते आणि हृदयही बळकट होते, असे ट्रेनर पोरांना सांगतो. बाटली उलटी करून बारीक अक्षरे वाचली तर तिथे ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले असते, कारण २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ते छापावेच लागते. पण बाटली उलटी करून पाहतो कोण?

माझे मत स्पष्ट आहे. निरोगी तरुणांना हे सर्रास विकणे बंद झाले पाहिजे. कार्निटीन आपले शरीर लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांपासून स्वतःच तयार करते. वरून घेतलेल्या कार्निटीनचा जो भाग शोषला जात नाही, त्यावर मोठ्या आतड्यातले जिवाणू काम करतात आणि त्यापासून ट्रायमिथाइलअमीन नावाचा वायू बनवतात. तो यकृतात पोहोचला की त्याचे ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड, म्हणजेच टीएमएओ, होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०१३ मध्ये सुमारे ४,००० हृदयरुग्णांचा तीन वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात ज्यांच्या रक्तात टीएमएओ सर्वाधिक होते त्यांना झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सर्वांत कमी टीएमएओ असलेल्यांच्या अडीच पट आढळला. हे माहीत असताना विशीतल्या पोराच्या हातात ती बाटली का द्यायची?

प्रतिसाद: औषधविक्रेता, नांदेड

आपण दिलेली माहिती खरी असली, तरी तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. समुद्री मासळीत टीएमएओ आयतेच भरलेले असते आणि मासे खाल्ल्यावर काही तासांतच ते रक्तात भरपूर दिसते. तरीही मासे खाणाऱ्यांची हृदये इतरांपेक्षा वाईट असल्याचे कुणी दाखवलेले नाही, उलटच दिसते.

दुसरे असे की टीएमएओ शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. मूत्रपिंडे थकली की ते रक्तात साचते, आणि थकलेल्या मूत्रपिंडांच्या माणसाला हृदयविकार अधिक होतो, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. मग टीएमएओ हे रोगाचे कारण आहे की केवळ खूण? २०१९ मध्ये जनुकीय माहितीच्या आधारे हेच तपासले गेले, तेव्हा टीएमएओमुळे हृदयविकार होतो असे दिसले नाही. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या विकारामुळे टीएमएओ वाढते, असे मात्र दिसले.

आणखी एक गोष्ट, जी विरोधक सोयीस्करपणे विसरतात. हेझन यांचा अभ्यास आला त्याच वर्षी १३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषणही प्रसिद्ध झाले होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कार्निटीन दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात आढळले. डायलिसिसवरचे काही रुग्ण आणि अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेणारे काही रुग्ण यांना डॉक्टर स्वतः कार्निटीन लिहून देतात. जे औषध म्हणून चालते ते विष ठरवू नये.

प्रतिसाद: आहारतज्ज्ञ, लातूर

दादा, त्या २७ टक्क्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हाच आकडा पुढे बाटलीच्या जाहिरातीत उतरतो. त्या १३ चाचण्यांतले सर्व रुग्ण नुकताच झटका येऊन गेलेले होते. त्याच विश्लेषणात पुन्हा झटका येण्याचे किंवा हृदय निकामी होण्याचे प्रमाण कमी झालेले नव्हते, हेही लिहिलेले आहे. आजारी माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली जे उपयोगी पडले, ते निरोगी माणसाला आपोआप उपयोगी पडेल असे मानणे हा औषधशास्त्रातला जुना गैरसमज आहे आणि तुमच्या दुकानात तो रोज येत असणार.

मात्रेकडेही पाहावे. लाल मांसाच्या एका वाढणीत साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कार्निटीन असते आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग शोषला जातो. पूरकाच्या एका मात्रेत बहुधा हजार मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असते आणि त्यातले बहुतांश शोषले न जाता जिवाणूंच्या ताटात पडते. २०१३ मध्ये स्वयंसेवकांना आधी प्रतिजैविके देऊन मग कार्निटीन दिले, तेव्हा टीएमएओ जवळजवळ बनलेच नाही. औषधे थांबवून जिवाणू परतल्यावर ते पुन्हा बनू लागले. मांसाहार न करणाऱ्यांत ते फारच कमी बनले, म्हणजे आपण रोज जे खातो त्यावर पोटात कोणते जिवाणू नांदतील हे ठरते. पुढच्या एका अभ्यासात ११३ जणांना महिनाभर लाल मांसाचा आहार दिल्यावर टीएमएओ सुमारे तिप्पट झाले आणि ते मांस थांबवल्यावर महिनाभरात खाली आले.

म्हणूनच माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी यांवर परत आणते. त्यातल्या तंतूंपासून जिवाणू ब्युटिरेटसारखी उपयुक्त आम्ले बनवतात. बाटलीच्या पैशांत महिन्याची ज्वारी सहज येते.

प्रतिसाद: औषधविक्रेता, नांदेड

ताई, मात्रेचा मुद्दा मान्य. भाकरीचा मात्र नाही, निदान तुम्ही मांडला तसा नाही. आयुष्यभर भाकरी खाल्लेली माणसेही झटका घेऊन दवाखान्यात येतात. त्यांच्या खिशात तंबाखूची पुडी असते, ताटात ठेचा, पापड, लोणचे असते आणि रक्तदाब कधी मोजलेलाच नसतो. आपल्या भागात हृदय वाचवायचे असेल, तर टीएमएओची चर्चा बऱ्याच नंतर करावी.

प्रतिसाद: धागाकर्ता, धाराशिव

तंबाखूविषयी दुमत नाही, पण एक धोका मोठा आहे म्हणून दुसरा विकायला मोकळा, हा न्याय मला पटत नाही. मासळीच्या मुद्द्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, हे मान्य करतो. तरी पुरावा अपुरा असताना पुराव्याची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न उरतोच, आणि ती विकणाऱ्यावर असावी असे मला वाटते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पूरके टाळावीत असे म्हटले आहे. त्या सूचना निदान जिमच्या भिंतीवर मराठीत लावाव्यात, इतकी मागणी तरी आपणास मान्य व्हावी.

प्रतिसाद: औषधविक्रेता, नांदेड

भिंतीवर लावण्यास माझी हरकत नाही. ज्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे थकल्यावर रक्तात वाढणारा घटक) वाढलेले आहे किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय मीही ही बाटली देत नाही. सरसकट बंदीला मात्र माझा विरोध आहे, कारण बंदी आली की हाच माल बिनलेबलचा, बिनबिलाचा होऊन त्याच जिमच्या मागच्या खोलीतून विकला जाईल आणि मग त्यात नेमके काय भरले आहे हे तपासण्याचीही सोय राहणार नाही.