बाबांची किडनी आणि घोडबंदरची धूळ: मी काय तपासू?

वय 38, राहतो ठाण्यात कासारवडवलीला, घोडबंदर रोडला लागूनच. काल पुसलेल्या गॅलरीच्या कठड्यावर आज बोट फिरवलं तरी काळपट रेघ उमटते. बाबा 61व्या वर्षी डायलिसिसवर गेले, आत्याचंही तेच. माझं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळते तो कचरा) 1.1, म्हणे नॉर्मल. बायको म्हणते घर बदलू. हप्त्यांची 14 वर्षं बाकी आहेत, जायचं कुठे? आणि दुखणं रक्तातच असेल तर हवेने असा काय फरक पडणार?

कोपरीकर (लॅबमधून निवृत्त): नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका, किडनीचं बरंच नुकसान झाल्यावर ते वाढतं. लघवीची एसीआर करा, म्हणजे लघवीतून प्रथिन किती जातं त्याची तपासणी, 30च्या आत हवी. ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, तीन महिने 60च्या खाली राहिला तर आजार धरतात. बाबा आणि आत्या दोघेही म्हणताय, तर आधी सोनोग्राफी. पॉलिसिस्टिक (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) निघाली तर ती आई-वडिलांकडून मुलात उतरायची शक्यता 50 टक्के.

वाशीवाली: फरक पडतो हो! पीएम 2.5, म्हणजे हवेतली अतिबारीक धूळ, फुप्फुसातून रक्तापर्यंत पोचतं, सूज आणि बीपी वाढवतं. किडनी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची जाळीच. आनुवंशिक धोका आधीच असेल तर हवेचा भार त्यात आणखी पडतो. या धुळीची भारतातली वार्षिक मर्यादा दर घनमीटर हवेत 40 मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओची 2021 पासून 5. घर राहू द्या, बीपी मोजा. पेनकिलर घेता का? त्यांनीही किडनीला त्रास होतो.

मूळ प्रश्नकर्ता: पाठदुखीला घेतो, आठवड्यातून तीनदा. बाबांची फाइल माळ्यावर आहे, रविवारी काढतो.

कोपरीकर: गोळ्यांचं आजच डॉक्टरांना विचारा, रविवार कशाला!