शनिवार-रविवारचं खाणं: तुमच्याकडे काय चालतं?

पारिजात
परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक बाई चेपणीसाठी तोरं विकत होती. पाटीभर कोवळ्या कैऱ्या, देठासकट, चीक अजून ओला. बघितलं आणि आजोळचा रविवार आठवला. सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, मिठात मुरलेलं तोर, कधी निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. दुपारी हुमण (माशांची आमटी), भात आणि तांबडी भाजी. रविवार म्हणून वेगळं काही नसायचं. नुस्तें, म्हणजे मासे, बरं मिळालं तर तळलेला एक तुकडा जास्त, बस्स.

आता माझं उलट. आठवडाभर डबा अगदी शहाण्यासारखा: भाकरी, उसळ, काकडी. शुक्रवारी संध्याकाळी पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की भूक आणि राग एकदमच येतात, आणि मग सोमवार उजाडेपर्यंत तोंड बंद होत नाही. आजी काही कॅलऱ्या मोजायची नाही. तुम्ही शनिवार-रविवार कसे निभावता? सल्ले नकोत, अनुभव लिहा. (सल्ले आलेच तर वाचीन.)

नुस्तेंप्रेमी
वीकेंड शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो हे बरोब्बर. ज्या शुक्रवारी चार वाजता चणे-शेंगदाणे पोटात पडतात, त्या दिवशी गाड्याकडे पाय वळत नाहीत. उपाशी निघालो की रश्शातलं रोस ऑम्लेट, वर दोन पाव, मग आलोच आहोत तर कटलेट पाव.

पाहुणेग्रस्त
पाहुण्यांबद्दल कुणी बोलणार आहे की नाही? लग्न होऊन इथे आले तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की गोव्यात घर असणं म्हणजे दिवाळीपासून मेपर्यंत दर शनिवारी पुण्याहून कुणीतरी येणं. चुलतदीर, त्यांचे मित्र, मित्रांचे साडू. त्यांची वर्षातली एक सहल, माझी दर आठवड्याला. शनिवारी रात्री कळंगुट, रविवारी दुपारी थाळी, निघताना बेबिंका. आणि "वहिनी, तुम्ही काहीच घेत नाही" म्हणत रवा लावलेली इसवण (सुरमई) माझ्याच ताटात.

आता एकच जेवण बाहेर, कुठे ते त्यांनी ठरवायचं. बाकी घरी. बांगड्याला पाठीकडून चीर देते, आत रेशाद मसाला भरते, केळीच्या पानात गुंडाळून बिडाच्या तव्यावर झाकण ठेवते. पानाच्या कडा करपून चरचर आवाज यायला लागला की उलटायचा. तेल चमचाभर. पुणेकर आधी पानाचे फोटो काढतात, मग दोन-दोन खातात आणि कळंगुटचं नाव घेत नाहीत. शिवाय आता मी सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसते. उभ्याने वाढताना जे तोंडात जातं ना, त्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

पारिजात
मित्रांचे साडू! हसून चहा सांडला.

निवृत्त मास्तर
आमचे धाकटे बंधू मधुमेही. उपाशीपोटीची साखर तपासायला नेहमी शुक्रवार गाठायचे, कारण आठवडाभर पथ्य असे. रिपोर्ट झकास. मग डॉक्टरांनी एचबीएवनसी करायला लावली. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणजे सगळे रविवार त्यात आले. चोरी उघडी पडली. सध्या मानकुराद आंब्याचे दिवस. डॉक्टरांनी फोडी मोजून दिल्या आहेत. बंधू म्हणतात बाठा फोडीत धरायचा नसतो. अर्धा तास चोखत बसतात.

वेर्णा_शिफ्ट
तुम्हा लोकांना शनिवार-रविवार असतो? माझी सुट्टी बुधवारी. त्या दिवशी सगळं जग कामावर, पार्टी करणार कोणाबरोबर. वजन आपोआप ताब्यात आहे. मित्र राहिले नाहीत, तो भाग वेगळा.

फोंडेकरीण
अरेरे. ये आमच्याकडे मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची भाजी) खायला.

आमच्यात सोमवार, गुरुवार, शनिवार शिवराक, म्हणजे शाकाहारी. त्यामुळे शनिवार सरळ जातो. पण रविवारी सकाळी सासूबाई बाजारातून येतात ती पिशवी बघायला हवी तुम्ही. सुंगटां, तिसऱ्यो, इसवण, सगळं एकाच दिवशी, का तर "फाल्यां (उद्या) परत शिवराक". हुमण वेगळं, तळलेलं वेगळं, तिसऱ्यांचं सुकं वेगळं. दुपारी सगळे आडवे. बोलून काही उपयोग नव्हता, त्या घरात मोठ्या. नवऱ्याने गुपचूप शुक्रवारी संध्याकाळी येताना चांगलं नुस्तें आणायला सुरुवात केली. शुक्रवारी मनासारखं झालं की रविवारी एका प्रकारावर भागतं. सासूबाईंना अजून कळलेलं नाही, कुणी सांगू नका. आणि आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच, तेव्हा सुक्याचे दिवस.

सासष्टीकर
सुक्याचं मीठ जपा हां. दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यातच पापड, लोणचं, पाव सगळं आलं. बाबांना बीपी आहे म्हणून आई खारं आधी भिजत घालते, ते पाणी टाकते, आणि त्या जेवणात बाकी कशात वरून मीठ नाही.

दुसरं म्हणजे शनिवारच्या रात्रीबद्दल सगळे मूग गिळून बसलेत. मीच लिहितो. दारूच्या प्रत्येक ग्रॅममागे ७ कॅलरी, साखरेच्या ४. आमचा एक पात्रांव "काजू म्हणजे फळच मरे" म्हणत उर्राक (काजूच्या बोंडांची दारू) घेतो, वर गोड लिंबूसोडा. मी साधा सोडा, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालतो. पण खरं सांगू, पेल्यापेक्षा बशी घात करते. चोरीस-पाव (डुकराचं सॉसेज आणि पाव) समोर आला की किती गेले ते कोण मोजतं.

फोंडेकरीण
लिंबूसोड्यात मीठ घालताय आणि आम्हाला मीठ जपायला सांगताय!

सासष्टीकर
चिमूटभर गो.

डिचोलीची लेक
जरा वेगळं विचारते. कोंड्याची म्हणून मी पोदेराकडून (पाववाल्याकडून) पोळी, म्हणजे आपला कोंड्याचा पाव, घ्यायचे. आमच्या वाड्यावर आता येते ती आतून पांढरीफटक, कोंडा फक्त वरून भुरभुरवलेला. तुमच्याकडे कशी असते?

फोंडेकरीण
तशीच. त्यापेक्षा काकणां (पावाची कडी) बरी. कडक असतात, सावकाश खाल्ली जातात, चहाबरोबर एक पुरे.

नुस्तेंप्रेमी
एक? कुणाला पुरतं?

निवृत्त मास्तर
विषयांतर होत आहे. (आमच्या पोदेराचे उंडे उत्तम असतात.)

दोन_पोरांची_आई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमच्या रविवारी वाढदिवस. केक, वेफर्स, समोसा, परत केक. निघण्याआधी पोरांना नाचण्याची तिजान देते, गूळ कमी, नारळाचा रस थोडा. पोरं तिथे जाऊन खायचं ते खातातच. फायदा मला होतो, पेलाभर पिऊन गेले की त्यांच्या बशीतला उरलेला केक संपवावासा वाटत नाही. शिट्टी झाली, येते

डिचोलीची लेक
तिजानीला नाचणी भिजवून वाटता की पीठ?

दोन_पोरांची_आई
भिजवून, वाटून, गाळून. पिठाची चव येत नाही तशी

वेर्णा_शिफ्ट
फोंडेकरीण, मुगागाठींचं नक्की ना? बुधवारी येतो.

फोंडेकरीण
बुधवारी नुस्तें असतं रे. मुगागाठी हव्या तर सोमवारी ये.

वेर्णा_शिफ्ट
सोमवारी नाइट आहे. नुस्तें चालेल.

पारिजात
सगळ्यांचे देव बरें करूं. चार वाजताचे चणे आणि ताट घेऊन बसणं, एवढं तर मला जमण्यासारखं आहे. पाहुणेग्रस्त, तुमच्याकडे कधी येऊ?

पाहुणेग्रस्त
जोडलेले हात. जूनमध्ये या, पाऊस लागला की पुणेकर येत नाहीत.

निवृत्त मास्तर
रविवारी सकाळी सहाला आम्ही चौघे-पाचजण मिरामारला चालतो. ज्यांना जमेल त्यांनी यावे.

नुस्तेंप्रेमी
नंतर भाजी-पाव आहे का?

निवृत्त मास्तर
नाही.

नुस्तेंप्रेमी
मग बघतो.

निवृत्त मास्तर
एक प्लेट, दोघांत.

नुस्तेंप्रेमी
पातळ भाजी की सुकी, तेवढं सांगा. पावणेसहाला हजर.