ओरलँडोच्या जुलैत डिस्नी वर्ल्डला दिवसभर डबा आणि ताक गार कसं ठेवायचं?

जर्सीची_चिमणी
मंडळी, जुलैत डिस्नी वर्ल्डला चाललोय. आम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले सासूसासरे. सासूबाईंचा चातुर्मास सुरू असेल म्हणजे कांदालसूण बंद, सासऱ्यांना इन्सुलिन आहे, आणि चिरंजीवांना दर अर्ध्या तासाला 'गार दे' असतं. नवरा म्हणतोय कशाला ओझं वाहायचं, तिथंच घेऊ, पण सासूबाई तिथं काय खाणार, फ्राइज आणि फळं दिवसभर? तर दहीभात, काकडीची कोशिंबीर आणि ताक न्यायचं असं मनात आहे, पण सकाळी आठला निघून रात्रीचे फटाके बघून परत येणार म्हणजे एवढा वेळ ते टिकणार कसं? मुळात बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का? आपल्याकडे बऱ्याच पार्कांत गेटवर बिस्किटाचा पुडासुद्धा काढून ठेवायला लावतात म्हणून विचारतेय. हॉटेलात छोटा फ्रिज आहे, वर बर्फाचा कप्पा फक्त नावाला. कोणी असा उद्योग केला असेल तर सांगा प्लीज.

टँपाकर
बिनधास्त न्या, डिस्नीत बाहेरचं खाणं चालतं. काचेची बरणी किंवा बाटली नको (बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्या सोडून), दारू नको, आणि महत्त्वाचं म्हणजे सुटा बर्फ आणि ड्राय आइस चालत नाही. आइसपॅक चालतात. बॅग किंवा कूलर २४ इंच लांब, १५ रुंद, १८ उंच यापेक्षा मोठा नको, पण एवढा मोठा घेऊन कोण फिरणार म्हणा. खांद्याला अडकवायची मऊ इन्सुलेटेड बॅग घ्या, ती स्ट्रोलरच्या खालच्या जाळीत बसते, म्हणजे सावलीतही राहते.

आता फ्रिजचं. नुसत्या थंड केलेल्या पॅकचा काही उपयोग नाही, तो दगडासारखा गोठलेला पाहिजे. बर्फ वितळताना एका ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता खातो, आणि वितळून गेला की तेच पाणी एक अंश तापायला जेमतेम १ कॅलरी. म्हणजे जोवर आत बर्फ शिल्लक आहे तोवर तुमचं राज्य, तो संपला की तासाभरात खेळ खलास. म्हणून हॉटेलला आधी फोन करून विचारा की खरा फ्रीझर आहे का. किसिमीकडे (डिस्नीजवळचं गाव) किचनवाल्या खोल्या आणि भाड्याची घरं भरपूर मिळतात, सासूबाईंचं जेवणाचं असं असेल तर तेच घ्या, पोळ्यासुद्धा तिथं करता येतील. रात्री हॉटेलच्या मशीनमधला बर्फ बॅगेत भरून ठेवा, बॅगच आतून गार होऊ दे, सकाळी तो ओतून द्यायचा आणि गोठलेल्या बाटल्या भरायच्या. पॅक वर ठेवा, गार हवा खाली उतरते. आणि बॅगेत रिकामी जागा ठेवू नका, नॅपकिन, टीशर्ट काहीही कोंबा.

आणखी एक, 'मोठा कूलर गाडीत ठेवू आणि दुपारी येऊन खाऊ' हा बेत मॅजिक किंगडमला (डिस्नी वर्ल्डच्या चार पार्कांपैकी एक) करू नका. तिथं पार्किंगपासून गेटपर्यंत मोनोरेल नाहीतर फेरीबोट घ्यावी लागते, जाऊन येईपर्यंत पोरगं झोपेल आणि सासरे वैतागतील. बाकीच्या तिन्ही पार्कांत, म्हणजे एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अॅनिमल किंगडमला, गाडी त्यामानाने जवळ असते, तिथं जमतं.

आज्जीचा_डबा
चिमणे, दहीभात कॅन्सल कर बाई. एक तर गार राहिला तर भात टचटचीत कडक होतो, पोर तोंडात घेणार नाही, आणि गार नाही राहिला तर त्याहून वाईट. शिजलेला भात उन्हात राहिला की त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. अमेरिकन सरकारचाच नियम आहे की नासणारं अन्न बाहेर दोन तास, आणि ९० फॅरनहाइटच्या (साधारण ३२ सेल्सिअसच्या) वर हवा असेल तर एकच तास. ओरलँडोत जुलैत दुपारी ९० च्या वरच असतं.

आपल्या आज्या आइसपॅक घेऊन पंढरपूरला जात होत्या का? दशम्या कर, दुधात कणीक भिजवून, पाण्याचा थेंब नाही, मऊ राहतात आणि दिवसभर काही होत नाही. तिखटामिठाच्या पुऱ्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी (लसणाशिवाय, जिरं आणि तिखट घालून मस्त होते), गूळतूप, लिंबाचं लोणचं, भाजके पोहे नाहीतर चुरमुऱ्यांचा चिवडा. याला गारवा लागतच नाही. म्हणजे तुझ्या त्या बॅगेत फक्त ताक, फळं आणि पोराचं दूध उरलं. कोशिंबीर कशाला, काकडी अख्खी ने आणि तिथं चिर, म्हणजे पाणीही सुटत नाही. चिरायला प्लॅस्टिकची सुरी ने, धातूची नको.

ताकाचं सांगते. प्लॅस्टिकच्या बाटलीत निम्मं ताक भरून रात्री फ्रीझरमध्ये आडवी ठेव, काठोकाठ भरलीस तर फुगून झाकण उडेल. सकाळी उरलेल्या जागेत फ्रिजमधलं गार ताक ओत. गोठलेलं ताक सुटताना पाणी आणि चोथा वेगळा होतो, ते बघून नासलं समजू नकोस, चांगलं खळाखळा हलव, एकजीव होतं. मीठ आणि जिरेपूड मात्र पिताना घाल. स्टीलचा थर्मास फ्रीझरमध्ये ठेवू नकोस हं.

कंटाळेश्वर
मी नवरोबांच्या बाजूने. सुट्टीला जाताय की शेतावर डबा पोचवायला? पार्कात जिथं फाउंटनचं कोल्ड्रिंक मिळतं त्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात, नुसतं 'आइस वॉटर' मागायचं, पाच ग्लास मागितले तर पाच देतात. एवढं पाणी पाठीवरून वाहणं हा शुद्ध वेडेपणा आहे. पाण्याला क्लोरीनचा वास येतो हे मान्य, लिंबाच्या सरबताची पूड टाका, पोरगं आनंदाने पितं. आज्जींच्या दशम्या मात्र घेऊन जा, त्याला आपला विरोध नाही, जमल्यास पत्ता कळवा.

टँपाकर
@कंटाळेश्वर बरोबर, आणि त्याच काउंटरवरून बर्फ जास्त मागून घेतला की आत आल्यावर रिकाम्या झिपलॉकमध्ये भरता येतो. बंदी गेटवरून आत न्यायला आहे. दुपारी दोनच्या सुमाराला हे केलं की संध्याकाळपर्यंतची सोय. त्याच वेळेला तिथं रोजच्यासारखा गडगडाट होऊन पाऊस येतो, बाहेरच्या राइड बंद होतात, तेव्हा कुठंतरी छताखाली बसून डबा खाऊन घ्यायचा, वेळही वाया जात नाही.

फार्मसीवाली
सगळे ताकावर बोलताहेत, इन्सुलिनवर कोणीच नाही. जे पेन वापरात आहे त्याला फ्रिज लागत नाही, बहुतेक इन्सुलिनची पेनं ३० अंश सेल्सिअसच्या खाली साधारण चार आठवडे चालतात, नेमके दिवस पाकिटातल्या कागदावर बघा, ब्रँडप्रमाणे फरक असतो. पण फ्लोरिडात सावलीतही ३० च्या वर जातं म्हणून बॅगेतच असू दे. आइसपॅकला टेकवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं असतं, नंतर वितळून दिसायला नीट दिसलं तरी. पेन रुमालात गुंडाळा, मग छोट्या डब्यात, आणि डबा बॅगेच्या वेगळ्या कप्प्यात, पॅक आणि गोठलेल्या बाटल्यांपासून लांब. न फोडलेली पेनं हॉटेलच्या फ्रिजमध्येच ठेवा, मागच्या भिंतीला चिकटवून नाही, तिथं कधीकधी गोठतं. गाडीत तर अजिबात विसरू नका. पार्कात फर्स्ट एड सेंटर असतं, तिथं फ्रिजमधली औषधं ठेवायची सोय होते, मॅजिक किंगडमला मेन स्ट्रीटच्या, म्हणजे आत शिरल्यावरच्या मुख्य रस्त्याच्या, शेवटी आहे. आणि सासऱ्यांच्या खिशात, बॅगेत नाही, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. एवढं चालणं झालं की साखर खाली येते आणि ते राइडच्या रांगेत अडकलेले असतात.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अकोल्याला बाटलीला ओलं फडकं गुंडाळून खिडकीत लटकवलं की पाणी गार. इतके पॅकबिक कशाला?

टँपाकर
@वऱ्हाडी_ठेचा दादा, अकोल्याची हवा कोरडी. इथं जुलैत हवाच ओली असते, फडक्यातलं पाणी उडतच नाही तर गार कसं होणार? इन्सुलिनची ती पाण्यात भिजवायची पाऊचं मिळतात ना, त्यांचंही तेच तत्त्व, कोरड्या जागी झकास चालतात, फ्लोरिडात त्यांच्या भरवशावर राहू नका.

जर्सीची_चिमणी
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! सासूबाईंना वाचून दाखवलं, दशम्यांवर लगेच शिक्कामोर्तब झालं आणि 'मी तेच म्हणत होते' हेही ऐकून झालं. हॉटेल बदलून किचनवाली खोली घेतली. दोन प्रश्न राहिले. एक दिवस युनिव्हर्सललाही (ओरलँडोतलंच दुसरं थीम पार्क) जायचंय, तिथं हेच नियम का? आणि नेवार्कहून विमानात आइसपॅक हातातल्या बॅगेत चालतील का?

टँपाकर
युनिव्हर्सल जास्त कडक आहे. कडक कूलर अजिबात नाही, मऊ बॅग चालते पण साडेआठ इंच रुंद आणि सहा बाय सहा, म्हणजे पोराच्या शाळेच्या डब्याची पिशवी समजा. पाण्याच्या बाटल्या, थोडा सुका खाऊ, आणि औषधपाण्यासाठी किंवा पथ्यासाठी लागणारं खाणं नेता येतं. दशम्या आणि पेन त्यात बसेल, ताक विसरा.

फार्मसीवाली
विमानाचं मी सांगते. तपासणीच्या वेळी पॅक पूर्ण गोठलेला असेल तर चालतो. अर्धवट वितळून पाणी झालं असेल तर १०० मिलीचा द्रवाचा नियम लागू होतो, पण औषधासाठीचा असेल तर सूट आहे, फक्त आधी स्वतःहून सांगा आणि औषध सोबत दाखवा. इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, खाली सामानात ते गोठू शकतं.

आज्जीचा_डबा
आणि चिमणे, दशम्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, वाफ धरली की चिकट होतात. मधे मधे तूप लाव.