मदत हवी आहे : कुत्रा कारवानी घ्यावा की राजापालयम?

बार्शीजवळ शेतात राहतो. घरी आई, सहा वर्षांची लेक, शेळ्या आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या. राखणीला कुत्रा हवाय. मन कारवानीवर आहे, पण परवा पाहुण्यांचा कारवानी बघितला. कोंबडी फडफडली तसा दावं तोडून सुटला! ससे धरणारं रक्त, दुसरं काय. राजापालयम राखणीला कडक, पण त्या पांढऱ्या जातीत बहिरी पिल्लं निघतात. 2005 साली दोघांवर (कारवानीवर मुधोळ नावानं) टपाल तिकिटं निघाली, अस्सल पिल्लू मात्र सहज सापडत नाही. कारवानी लहानपणापासून कोंबड्यांत वाढवला तर निवळतो का? आणि राजापालयमचं पिल्लू घेताना त्याला ऐकू येतं का, हे कसं तपासायचं? पाय आपटला तर बहिरं पिल्लूही हादऱ्यानं वळणारच की. ज्यांनी स्वतः पाळलेत त्यांनी सांगा.