प्रतिसाद: संडासाचं भांडं काढल्यावर पाइपचं तोंड कसं बंद करावं?

वर कुणीतरी सुचवलंय की पाइपात गोणपाट कोंबा, वरून सिमेंट थापा आणि फरशी बसवा. गवंडी सर्रास हेच करतात, पण करू देऊ नका. गोणपाट कुजतं, सिमेंट आकसून कडेने सुटतं आणि मग वास. भांड्याच्या ट्रॅपमधलं (खालच्या वाकड्या पाइपातलं) साठलेलं पाणीच आजवर गटाराचा वायू अडवत होतं. ते गेलं की तोंड हवाबंदच हवं. तुमचं घर तळमजल्यावर आहे म्हणता, म्हणजे पावसाळ्यात चेंबर तुंबला तर पाणी आधी तिथूनच वर येणार.

पाइप पीव्हीसीचा असेल (बहुधा ११० मिमीचा) तर काम सोपं. ट्रॅप काढा, पाइप सरळ कापा, पुसून कोरडा करा आणि सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन) लावून एंड कॅप (टोकाचं झाकण) बसवा. मी तर आट्याची (फिरवून उघडणारी) कॅप घेईन, पुढेमागे लाइन तुंबली तर तिथूनच साफ करता येते. मात्र मग वरची फरशी सुटी ठेवा. जुना बिडाचा पाइप असेल तर आवळून फुगणारा रबरी प्लग मिळतो, तो बसवा.

गच्चीवर गेलेला व्हेंट पाइप (लाइनीतला वायू बाहेर सोडणारा) मात्र "आता कशाला हवा" म्हणून बंद करू नका, बाकीच्या लाइनला तो लागतो. फ्लशच्या नळाला नुसता कॉक बंद करून भागत नाही, डमी (पाइपच्या तोंडाला बसणारं बूच) लावून घ्या.

आणि त्याच खोलीत नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचा) आहे का? वापर थांबला की तोही सुकतो. अधूनमधून तांब्याभर पाणी ओता, नाहीतर तोही बंद करा.